घरच्या स्टीरिओसाठी साधा पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल: आधी मोजावा, मग बांधावा

खानदेशात घरच्या स्टीरिओचा अॅम्प्लिफायर अनेकदा घरीच किंवा ओळखीच्या कारागिराकडून जुळवून घेतलेला असतो. टीडीए२०३० किंवा एलएम३८८६ या आयसीचा तयार बोर्ड, एक ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचे कॅबिनेट आणि मागे स्पीकरच्या जोडण्या, एवढ्यावर काम भागते. अशा बोर्डावर पुष्कळदा व्हॉल्यूम नसतो आणि मग आवाज कमी-जास्त करायला मोबाइल किंवा संगणकाचाच आधार घ्यावा लागतो. संगणकात आवाज आकड्यांच्या पातळीवर कमी केला, की दर ६ डेसिबलला साधारण एक बिट हातचा जातो, म्हणजे १६ बिटांच्या ध्वनिमुद्रणात ४० डेसिबल खाली आल्यावर नऊ-दहा बिटच कामाचे उरतात. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे स्रोत आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये बसवलेली एक छोटी पेटी, जिच्यात एक दुहेरी पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉब फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध), चार आरसीए सॉकेट (स्टीरिओच्या मागे असतात ती गोल सॉकेट) आणि थोडी वायर यांखेरीज काहीही नसते.

या पेटीला वीजपुरवठा लागत नाही. आपल्याकडे भारनियमनाच्या वेळी घर इन्व्हर्टरवर चालते आणि स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीमुळे अॅम्प्लिफायरमध्ये करकर शिरते, हे अनेकांनी अनुभवले असेल. पॅसिव्ह कंट्रोलमध्ये पॉवर सप्लायच नसल्यामुळे ही करकर त्याच्या वाटेने तरी येत नाही. मात्र ज्याच्याकडे वीज नाही, त्याच्याकडे आवाज वाढवण्याची ताकदही नाही. तो फक्त कमी करतो, आणि तेही नीट तेव्हाच करतो, जेव्हा त्याच्या आधीचे यंत्र आणि नंतरचे यंत्र त्याला जुळणारे असते. म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा.

एक गोष्ट सर्वांआधी. हा कंट्रोल स्रोत आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्येच बसतो, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये कधीही नाही. तेथे काही अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि पॉटमधला कार्बनचा पातळ थर क्षणात जळतो. त्याचप्रमाणे जुन्या टर्नटेबलचे आउटपुट फार क्षीण असते आणि त्याला फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतोच. तो नसेल तर या पेटीचा काही उपयोग नाही.

आता हिशेब. सीडी प्लेअर किंवा टेबलावरचा बहुतेक कोणताही डॅक (डिजिटल ध्वनीचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र) पूर्ण पातळीवर साधारण २ व्होल्ट देतो. ८ ओहमच्या स्पीकरला ४० वॅट द्यायचे असतील, तर ४० आणि ८ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १८ व्होल्ट, अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडावे लागतात. अॅम्प्लिफायर २० पट वाढवत असेल, तर त्याला आत ०.९ व्होल्ट पुरतात. म्हणजे सीडी प्लेअरजवळ गरजेच्या दुपटीहून अधिक व्होल्टेज असते, आणि वाढवण्याची नव्हे, तर कमी करण्याचीच गरज आहे. मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. अर्धा व्होल्ट धरला, तरी याच अॅम्प्लिफायरमधून १० व्होल्ट, म्हणजे ८ ओहमला साडेबारा वॅट मिळतात, आणि बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीला तेवढे भरपूर होतात. आपल्या अॅम्प्लिफायरची वाढ किती पट आहे, हे बोर्डाच्या माहितीपत्रकावरून पाहावे आणि हीच आकडेमोड आपल्या आकड्यांनी करावी. उत्तर अपुरे आले, तर हा मार्ग सोडून सक्रिय, म्हणजे विजेवर चालून सिग्नल वाढवणारा, प्रीअॅम्प्लिफायर घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी तपासणी स्रोताच्या आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे सिग्नलला स्रोताच्या आतच होणाऱ्या रोधाची. स्रोतावर ४०० हर्ट्झच्या आसपासचा स्थिर सूर वाजवावा आणि आउटपुटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडपर्यंतचे एसी व्होल्टेज मोजावे. मग त्याच दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजावे. समजा, आधी २.० व्होल्ट आणि नंतर १.६ व्होल्ट भरले, तर पडलेले ०.४ भागिले १.६ गुणिले १००० असे करून २५० ओहम हे उत्तर येते. येथे मीटरकडे लक्ष द्यावे. दुकानात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या पिवळ्या मीटरमध्ये एसीचा लहानात लहान टप्पा २०० व्होल्टचा असतो, आणि त्यावर २ व्होल्ट आणि १.६ व्होल्ट यांतला फरक भरवशाने वाचता येत नाही. एसीचा २ व्होल्टचा किंवा त्याच्या जवळपासचा टप्पा असलेला मीटर कोणाकडून तरी मागून घ्यावा. त्याच वेळी काहीही वाजत नसताना आउटपुटवर डीसी किती आहे, तेही पाहावे. दोन-चार मिलिव्होल्ट चालतात. त्याहून बरेच अधिक असेल, तर नॉब फिरवताना खरखर होईल आणि ते डीसी अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचेल. तो दोष आधी स्रोतातच दुरुस्त करावा.

पॉट किती किलोओहमचा घ्यावा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि पहिल्या वेळी मी तो चुकलो होतो. घरात १०० किलोओहमचा पॉट पडलेला होता, अॅम्प्लिफायर पलीकडच्या खोलीत होता, आणि मी मधल्या पेटीतून पाच मीटर शिल्ड वायर (भोवती धातूचे आवरण असलेली वायर) ओढली. वाजायला लागल्यावर झांजा आणि टाळ कोणी कांबळे पांघरून वाजवावेत, तसे ऐकू येऊ लागले. मी आधी स्पीकरला दोष दिला आणि नंतर बोर्डाला. खरा दोष माझ्या आकडेमोडीच्या आळसात होता.

कारण असे. पॉटच्या मधल्या टोकातून बाहेर पाहिले, तर दिसणारा रोध नॉबच्या स्थितीप्रमाणे बदलतो. सिग्नल निम्मा होतो, तेथे, म्हणजे ६ डेसिबल खाली, तो सर्वांत जास्त असतो आणि पॉटच्या एकूण रोधाचा चौथा हिस्सा भरतो. १०० किलोओहमसाठी तो २५ किलोओहम, १० किलोओहमसाठी केवळ अडीच किलोओहम. शिल्ड वायरमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, जी रोधाबरोबर मिळून उंच सूर गिळते) असतो आणि अॅम्प्लिफायरच्या इनपुटचे आणखी २०० धरावेत. माझ्या पाच मीटरचे मिळून ७०० पिकोफॅरड झाले. २५ किलोओहम आणि ७०० पिकोफॅरड यांची जोडी ९ किलोहर्ट्झच्या थोडे वरच सिग्नल ३ डेसिबलने खाली आणते, आणि झांजेचा सगळा झळाळ त्याच्याच वर असतो. तेथे १० किलोओहमचा पॉट आणि एक मीटर वायर वापरली असती, तर तीच सीमा २०० किलोहर्ट्झच्या पुढे गेली असती आणि कानाला फरक कळण्याचा प्रश्नच उरला नसता. आणखी एक बारकावा असा, की आवाज फार कमी केला, की हा रोध पुन्हा घटतो. १०० किलोओहमचा पॉट २० डेसिबल खाली असताना ९ किलोओहम दाखवतो. म्हणून रात्री हळू आवाजात सगळे ठीक वाटते आणि दिवसा आवाज चढवला, की सूर मंदावतात.

दुसऱ्या बाजूने पाहता पॉट फार लहानही चालत नाही, कारण स्रोताला तो ओझे होतो. मी पाळतो तो दंडक असा: पॉटचा रोध स्रोताच्या इम्पिडन्सच्या किमान दहापट असावा, आणि अॅम्प्लिफायरचा इनपुट रोध पॉटच्या चौथ्या हिश्शाच्या दहापट असावा. २५० ओहमचा स्रोत आणि ४७ किलोओहमचा अॅम्प्लिफायर असेल, तर १० किलोओहमचा पॉट दोन्ही अटींत आरामात बसतो. अॅम्प्लिफायर २२ किलोओहमचा असला, तरी बिघडत नाही. मधल्या स्थितीत आवाज साधारण १ डेसिबल अधिक घटतो इतकेच, सूर बदलत नाही. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांचा आउटपुट इम्पिडन्स काही किलोओहम असू शकतो. त्यांच्यासाठी ५० किलोओहम घ्यावा आणि वायर हातभर ठेवावी. बाकी बहुतेक घरांसाठी १० किलोओहम हेच उत्तर आहे.

दुकानात मागताना ‘दुहेरी, लॉग, दहा के’ असे तिन्ही शब्द सांगावेत. लॉग पॉटचा रोध नॉबबरोबर पटीत वाढतो, लिनिअरचा सरळ प्रमाणात. पॉटवर बहुधा १०३ हा आकडा असतो, म्हणजे दहावर तीन शून्ये. त्याच्यापुढचे ए हे रोमन अक्षर आजच्या आशियाई बनावटीत लॉग आणि बी हे लिनिअर दाखवते, परंतु काही जुन्या युरोपीय बनावटींत याच्या उलट संकेत होता, म्हणून अक्षरावर न जाता मीटरवर जावे. नॉब बरोबर मध्यावर आणून मधले टोक आणि ग्राउंडचे टोक यांच्यामध्ये मोजावे. १० किलोओहमच्या लॉग पॉटवर तेथे साधारण एक ते दीड किलोओहम दिसतात, लिनिअरवर पाच. आपला कान आवाज पटीत मोजतो. लिनिअर पॉट बसवला, तर पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच सगळा आवाज चढतो आणि उरलेला फेरा वाया जातो.

पण लॉग पॉट घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. एकाच दांड्यावर बसलेले डावे आणि उजवे असे दोन थर तंतोतंत सारखे नसतात, आणि फरक नेमका खालच्या आवाजात वाढतो. उन्हाळ्यात घरातली माणसे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, निजतात, खाली एकटे बसून रात्री अकरा वाजता हळू आवाजात ऐकावे, तेव्हा गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मध्यावरून सरकून एका बाजूला जातो, तो यामुळेच. म्हणून दुकानातच, विक्रेत्याची परवानगी घेऊन, दोन्ही थर मोजावेत. नॉब अशा ठिकाणी आणावा, की एका थरावर मधल्या आणि ग्राउंडच्या टोकांमध्ये १००० ओहम दिसतील, आणि दांडा न हलवता दुसरा थर पाहावा. तेथे ११२० दिसले, तर फरक १ डेसिबल. १२६० दिसले, तर २ डेसिबल. हीच मोजणी ३०० आणि १०० ओहमजवळही करावी. साध्या कार्बन पॉटमध्ये खालच्या टोकाला २-३ डेसिबलचा फरक सहज सापडतो. चार-पाच नग मोजून त्यांतला सर्वांत सारखा निवडावा. जपानच्या आल्प्स कंपनीचा २७ मिलिमीटरचा निळा पॉट या बाबतीत चांगला आहे, परंतु त्याच्या नकला बाजारात आहेत, तेव्हा मोजणी त्याचीही करावी. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात मनासारखा नग मिळाला नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. शक्यतो बंद तोंडाचा पॉट घ्यावा. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडची धूळ घरातल्या प्रत्येक फटीत शिरते, आणि उघड्या पॉटची खरखर वर्षभरात सुरू होते.

पेटी धातूचीच असावी. लाकडी पेटी दिसते छान, पण आतली वायर उघडी पडते आणि घरातल्या वीजवायरींची घुमघुम तिच्यात उतरते. मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्राजवळ राहणाऱ्यांना तर स्पीकरमधून आकाशवाणीही ऐकू येऊ शकते. अॅल्युमिनियमची तयार पेटी मिळते. ती नसेल, तर अॅल्युमिनियमचा घट्ट झाकणाचा डबाही चालतो. स्टीलचा डबा घरात हाताशी असतो, पण त्याला भोके पाडणे कष्टाचे आहे आणि ड्रिल घसरून हाताला लागण्याची भीती असते. अॅल्युमिनियमला नेहमीचे सोल्डर धरत नाही, म्हणून पेटीच्या ग्राउंडसाठी नट-बोल्टखाली एक सोल्डर टॅग कसावा, आणि रंग किंवा अॅनोडायझिंग असेल, तर तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा. आरसीए सॉकेट प्लास्टिकच्या वॉशरसह बसणारे घ्यावेत, म्हणजे त्यांचे ग्राउंड पेटीला आपोआप टेकणार नाही.

जोडणी अशी. पॉट असा धरावा, की दांडा आपल्याकडे आणि टोके खाली येतील. तेव्हा प्रत्येक थराचे डावे टोक ग्राउंडचे, मधले आउटपुटचे आणि उजवे इनपुटचे असते. खात्री मीटरने करावी: नॉब घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण फिरवल्यावर मधले आणि डावे टोक यांच्यामध्ये जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. डाव्या चॅनलच्या इनपुट सॉकेटची मधली पिन एका थराच्या उजव्या टोकाला, त्याच थराचे मधले टोक डाव्या आउटपुट सॉकेटच्या मधल्या पिनेला जोडावे. इनपुट सॉकेटचे ग्राउंड थराच्या डाव्या टोकाला आणि तेथून पुढे आउटपुट सॉकेटच्या ग्राउंडला न्यावे. दुसऱ्या थरावर उजव्या चॅनलसाठी हेच करावे. मग दोन्ही ग्राउंड पॉटजवळ एकाच ठिकाणी जोडावेत आणि तेथून एकच वायर पेटीच्या टॅगला द्यावी. पेटीला दोन ठिकाणी ग्राउंड दिले, की ग्राउंडचे वेटोळे तयार होते आणि घुमघुम त्यातूनच येते. पेटी लहान असेल, तर आत शिल्ड वायरची गरज नाही. सिग्नल आणि ग्राउंडच्या साध्या बारीक वायरींना एकमेकींभोवती पीळ दिला, की पुरते.

मधले टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये प्रत्येक चॅनलला २२० किलोओहमचा एक रेझिस्टर मी नेहमी लावतो. पुढेमागे पॉटमधला सरकता संपर्क क्षणभर सुटला, तर अॅम्प्लिफायरचे इनपुट अधांतरी राहत नाही. १० किलोओहमपुढे त्याचा आवाजावर परिणाम होत नाही.

सोल्डरसाठी २५ वॅटचे आयर्न आणि ६३/३७ प्रमाणाचे, १८३ अंश सेल्सिअसला वितळणारे सोल्डर वापरावे. टोक आणि वायर आधी वेगवेगळे टिनवून, म्हणजे सोल्डरचा पातळ थर देऊन, घ्यावेत, मग एकत्र धरून तीन सेकंदांत काम उरकावे, कारण जास्त तापल्यास पॉटच्या आतला रिव्हेट सैल होतो. डाग चमकदार आणि पसरलेला हवा. गोळा बसला असेल, तर तो काढून पुन्हा द्यावा. थंड झाल्यावर प्रत्येक वायर बोटाने ओढून पाहावी. ग्राउंडच्या टोकाचा डाग सुटला, तर हा कंट्रोल आवाज कमी करणेच थांबवतो आणि स्पीकरवर पूर्ण आवाज जातो, म्हणून त्या डागाकडे दुप्पट लक्ष द्यावे.

कोठेही जोडण्याआधी पुन्हा मीटर. इनपुटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत नॉब कोठेही असला, तरी साधारण १० किलोओहम दिसावेत, मात्र पूर्ण वर नेल्यावर समांतर आलेल्या २२० किलोओहममुळे ते थोडे घटतील. आउटपुटवर नॉब खाली असताना शून्य आणि वर असताना इनपुटइतकेच दिसावे. डाव्या आणि उजव्या मधल्या पिनांमध्ये नॉब पूर्ण खाली सोडून इतर कोठेही थेट शॉर्ट दिसता कामा नये. मग नॉब शून्यावर ठेवून आधी स्रोत चालू करावा आणि अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर सर्वांत आधी.

ज्यांना खालच्या आवाजातला एक डेसिबलचा फरकही सलतो, त्यांनी पॉटऐवजी बारा टप्प्यांचा, दोन पोलचा रोटरी स्विच आणि १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर वापरावेत. मला स्वतःला हाच मार्ग अधिक आवडतो, कारण येथे दोन्ही चॅनलची जुळणी नशिबावर राहत नाही. प्रत्येक चॅनलला अकरा रेझिस्टर एकापुढे एक, वरपासून खाली या क्रमाने लावावेत: ३.६ किलोओहम, २.४ किलोओहम, १.५ किलोओहम, ९१० ओहम, ५६०, ३६०, २४०, १५०, ९१, ५६ आणि शेवटी १०० ओहम. वरचे टोक इनपुटला, खालचे ग्राउंडला, ही दोन टोके आणि मधला प्रत्येक सांधा क्रमाने स्विचच्या एकेका टप्प्याला, आणि स्विचचा फिरता संपर्क आउटपुटला. हे सगळे बाजारात सहज मिळणाऱ्या मालिकेतले आकडे आहेत. त्यांची बेरीज ९९६७ ओहम होते आणि प्रत्येक टप्पा ४ डेसिबलचा मिळतो. २० डेसिबलच्या टप्प्यावर खाली ९९७ ओहम उरतात, म्हणजे जवळजवळ अचूक दहावा हिस्सा. अकरावा टप्पा ४० डेसिबल खाली आणि बारावा पूर्ण शांत. ४ डेसिबलची पायरी थोडी मोठी आहे, हे खरे. दोन पायऱ्यांमधला आवाज हवासा वाटतो, तेव्हा ते जाणवते. चोवीस टप्प्यांचा स्विच मिळाला, तर २ डेसिबलची पायरी करता येईल, पण तो महाग पडतो आणि रेझिस्टरही दुप्पट लागतात.

स्विच घेताना तो पुढचा संपर्क धरूनच मागचा सोडणारा आहे ना, हे पाहावे. मीटर सातत्य तपासण्याच्या टप्प्यावर ठेवून दोन शेजारच्या टप्प्यांची टोके तात्पुरती एकत्र जोडावीत, मीटरची एक कांडी त्यांना आणि दुसरी फिरत्या संपर्काच्या टोकाला लावावी, आणि दांडा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश न्यावा. शिट्टी मध्येच तुटली नाही, तर स्विच योग्य आहे. तुटली, तर प्रत्येक पायरीला स्पीकरमधून टक असा आवाज येईल.